आयटी सर्व्हिस कंपनीतलं आतलं वातावरण आधी कसं तपासायचं आणि आत गेल्यावर कसं निभवायचं

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या मोठ्या सर्व्हिस कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "कंपनीचं कल्चर कसं आहे?" प्रश्नच चुकतो. लाख-दोन लाख माणसांच्या कंपनीला एक कल्चर नसतं. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची मंडळी साडेसहाच्या बसला रांगेत उभी असतात आणि चौथ्या मजल्यावरचे डिसेंबरभर रात्रीचं जेवण डेस्कवर उरकतात. कँटीन तेच, एचआर तोच, रजेची पॉलिसीही तीच. फरक असतो तो अकाउंटचा (म्हणजे एका क्लायंटच्या सगळ्या कामाचा), क्लायंटशी झालेल्या कॉन्ट्रॅक्टचा आणि डिलिव्हरी मॅनेजरचा. तपासायचं ते या तिघांना.

आधी पैसा कुठून येतो ते विचारा

सर्व्हिस कंपनी माणसांचे तास विकते. किती माणसं बिल होताहेत आणि कोणत्या दराने, यावर तिचं गणित चालतं. रजा का अडते, प्रोजेक्टमधून रिलीज का मिळत नाही, बेंचवरच्या, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसलेल्या, माणसाकडे संशयाने का बघतात, या सगळ्याचा उगम इथे आहे. म्हणून मॅनेजर राउंडमध्ये "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर चार गोष्टी विचारा.

काम टाइम अँड मटेरियलवर आहे की फिक्स्ड प्राइसवर? पहिल्या प्रकारात क्लायंट तासांचे पैसे देतो, त्यामुळे जादा तास क्लायंटला मंजूर करावे लागतात आणि तो ते सहजासहजी करत नाही. तासांना आपोआप वेसण बसते. फिक्स्ड प्राइसमध्ये रक्कम आधीच ठरलेली असते. अंदाज चुकला तर तोटा कंपनीचा, आणि तो भरून निघतो टीमच्या शनिवार-रविवारने. सपोर्टचं काम असेल तर ऑन-कॉलच्या रोटात (कामाच्या वेळेबाहेर फोन घ्यायच्या पाळीत) किती माणसं आहेत ते विचारा. सहा असतील तर दीड महिन्यात एक आठवडा फोन उशाशी. तीन असतील तर महिन्यातून किमान एकदा, आणि एकजण रजेवर गेला की आणखी लवकर.

जागा नवीन आहे की कुणाच्या जागी? कुणाच्या जागी असेल तर तो माणूस गेला कुठे? "इंटर्नल मूव्ह झाली" हे चांगलं लक्षण आहे, कारण त्या मॅनेजरकडून रिलीज मिळतं असा त्याचा अर्थ. दोन वर्षांत त्याच खुर्चीवर तिसरा माणूस येत असेल तर खुर्चीतच काहीतरी आहे.

जागा पहिल्या दिवसापासून बिलेबल आहे का, म्हणजे तुमच्या तासांचे पैसे क्लायंट देणार का? "आधी काही महिने शॅडो" असं उत्तर आलं तर काम पूर्ण, पण क्लायंटच्या हिशेबात तुम्ही नाही. अकाउंटचं बजेट आवळलं की आधी शॅडो रिसोर्स सुटतो.

चौथं म्हणजे क्लायंट कोणत्या टाइमझोनचा. "थोडा ओव्हरलॅप असतो" या वाक्यावर थांबू नका, घड्याळ मांडा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे जातात, तेव्हा तोच रोजचा कॉल तासभर पुढे सरकतो. साडेआठला संपणारी मीटिंग साडेनऊला संपायला लागते आणि कंपनीची शेवटची बस गेलेली असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि वाहनाची सोय लागते. कॅब मिळते का, एवढंच विचारून भागत नाही. भूमकर चौकात उतरवतात की सोसायटीच्या दारात, हेही विचारा.

रिव्ह्यू वाचायची रीत

ग्लासडोअर आणि अँबिशनबॉक्स या कर्मचाऱ्यांच्या रिव्ह्यूच्या साइट्सवरचा सरासरी आकडा सोडून द्या. चार पूर्णांक एक आणि तीन पूर्णांक सात यातून हाती काही लागत नाही. आधी फिल्टर लावा: शहर, पद, गेले बारा महिने. उरलेल्यातले तीस-चाळीस वाचा आणि कागदावर फक्त वस्तुस्थिती टिपा: शिफ्ट, रजा मंजूर व्हायला लागणारे दिवस, हाईकचं (पगारवाढीचं) पत्र कोणत्या महिन्यात आलं, बेंचवर काय झालं, ऑफिसला किती दिवस यावं लागतं. "ग्रेट प्लेस टू लर्न", "टॉक्सिक मॅनेजमेंट" असली विशेषणं टिपायची नाहीत. तीच गोष्ट चार वेगवेगळ्या महिन्यांत चार जणांनी लिहिली असेल तर धरून चाला.

पाच तारे आणि एक ओळ, असे दहा रिव्ह्यू एकाच आठवड्यात दिसले तर बहुधा इंडक्शनच्या वेळी नव्या बॅचकडून लिहून घेतलेले असतात. एक तारावाले बरेचदा नोटीसवर असताना लिहिलेले असतात. राग खरा असतो, पण तो एका मॅनेजरवरचा असतो. सर्वात कामाचे तीन तारेवाले. त्यात माणूस तोलून लिहितो, "तोटे" या रकान्यात नेमकी तक्रार सापडते.

तीन फोन

रिव्ह्यूंपेक्षा तीन फोन जास्त सांगतात. एक, त्याच अकाउंटवर सध्या असलेला, तुमच्या होणाऱ्या मॅनेजरच्या हाताखालचा. दोन, गेल्या सहा महिन्यांत तिथून बाहेर पडलेला. तीन, त्याच कंपनीत पण दुसऱ्या अकाउंटवर असलेला, म्हणजे कंपनीचा दोष कोणता आणि अकाउंटचा कोणता हे वेगळं करता येतं. लिंक्डइनवर क्लायंटचं नाव आणि कंपनीचं नाव एकत्र शोधलं की माणसं सापडतात. कॉलेजचे सीनियर, आधीच्या ऑफिसातले लोक यातून ओळख निघते. मेसेज त्याच्या ऑफिसच्या आयडीवर किंवा टीम्सवर कधीच करू नका. रात्री नऊनंतर किंवा रविवारी सकाळी फोन करा, दहा मिनिटं मागा आणि दहाच घ्या.

"वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे रे?" असं विचारलं की "तसं ठीक आहे" एवढंच येतं. प्रश्न मोजता येईल असा हवा:

"मागच्या महिन्यात किती शनिवारी लॅपटॉप उघडलास?"
"गणपतीत सलग किती दिवस सुट्टी मिळाली? मागितली किती दिवसांची होती?"
"आजारी पडलास तेव्हा मेसेजला काय उत्तर आलं?"
"मागच्या अप्रेझलनंतर टीममधून किती जण गेले?"
"प्रॉडक्शनला काही फुटलं तर कॉलवर आधी काय बोलतात, काय झालं की कुणी केलं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. जिथे "कुणी केलं" आधी विचारतात तिथे लोक चुका लपवायला शिकतात, आणि लपवलेल्या चुका रात्री दोनला बाहेर येतात. समोरचा हसला आणि म्हणाला, "ते मॅनेजरवर आहे बघ," तर मॅनेजरचं नाव सांगून पुन्हा विचारा. तरी उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे.

ऑफर लेटर: वर्षाला १२ लाखांचे महिन्याला किती?

आकडे समोर मांडूनच बघा. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १२,००,०००. त्यात १० टक्के व्हेरिएबल (निकाल किंवा रेटिंगवर कमी-जास्त होणारा भाग), म्हणजे १,२०,०००. बेसिक निम्मं, म्हणजे महिन्याला ५०,०००. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ महिना ६,०००, वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्क्यांनी २८,८६०. आरोग्य विम्याचा हप्ता समजा १२,०००. हे सगळं सीटीसीतच मोडतं. उरले ९,६७,१४०, म्हणजे महिन्याला साधारण ८०,६००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की खात्यात ७४,४०० च्या आसपास. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, त्यामुळे टीडीएसची कात्री तेवढी वाचते. "बारा लाख म्हणजे महिन्याला लाख" असं धरून वाकडला फ्लॅट भाड्याने घेतला की दुसऱ्याच महिन्यात ओढाताण सुरू होते.

काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ न भरता १५,००० च्या वेतनमर्यादेवर महिना १,८०० भरतात. हातात जास्त येतं, साठतं कमी. कोणता प्रकार आहे ते सॅलरी अ‍ॅनेक्शरमध्ये बघा.

व्हेरिएबलबद्दल "किती टक्के" यापुढे जाऊन विचारा: गेल्या चार तिमाहींत प्रत्यक्ष किती मिळालं आणि ते कशावर ठरतं, कंपनीच्या निकालावर, युनिटच्या की तुमच्या रेटिंगवर? यावर एचआर गुळमुळीत बोलतो. तीन फोनवाल्यांपैकी कुणीतरी नेमका आकडा सांगतं.

नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी ९० दिवस. बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) आहे का आणि ते कंपनीच्या मर्जीवर की तुमच्या, हे शब्दशः वाचा. "अ‍ॅट द डिस्क्रिशन ऑफ द मॅनेजमेंट" असं असेल तर पैसे भरायची तयारी दाखवूनही ते नाही म्हणू शकतात. बाँड (ठराविक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायची अट) असेल तर "बाँड कोर्टात टिकत नाही" या कट्ट्यावरच्या सल्ल्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नोकरीत असतानाचा बाँड वेगळा आणि सोडल्यावर "स्पर्धक कंपनीत जाऊ नये" ही अट वेगळी. दुसरीच्या आड १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ येतं.

पहिले तीन महिने

पहिल्या पंधरवड्यात गोल्स सिस्टीममध्ये भरून घ्या आणि मॅनेजरकडून अ‍ॅप्रूव्ह करून घ्या. "नंतर बघू" म्हणतात आणि मार्चमध्ये कॉपी-पेस्ट गोल्सवर तुमचं वर्ष मोजलं जातं.

दर शुक्रवारी निघण्याआधी दहा मिनिटं एका वहीत चार ओळी लिहा: काय केलं, कुणाच्या उपयोगी पडलं, कोणता आकडा बदलला, कुणी दखल घेतली. वही म्हणजे खरोखरची कागदी वही. क्लायंटने कौतुक केलेला मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवायचा मोह होतो. तिथेच लोक अडकतात. कंपनीबाहेर जाणाऱ्या मेलवर डेटा लीक पकडणारं सॉफ्टवेअर बसलेलं असतं आणि "अ‍ॅप्रिसिएशन मेल" खाली क्लायंटचा सर्व्हर, तिकीट नंबर, नावं असं सगळं शेपूट असतं. त्यावरून नोकरी जाऊ शकते. वहीत तारीख आणि विषय लिहा, मेल जिथे आहे तिथेच राहू दे.

टाइमशीटमध्ये जेवढे तास केले तेवढेच भरा. "नऊच टाक, बाकी आपण अ‍ॅडजस्ट करू" असं लीड म्हणतो. तुम्ही बारा तास राबून नऊ भरले की पुढच्या वेळी त्याच कामाचा अंदाज नऊ तासांचाच निघतो. बारा भरता येत नसतील, तर निदान स्टेटस मेलमध्ये "रात्री ११.४० ला डिप्लॉयमेंट पूर्ण" असं लिहा. वेळ कुठेतरी नोंदली गेली पाहिजे.

अप्रेझल

मेहनत केली की रेटिंग मिळतं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तुमचा मॅनेजर रेटिंग सुचवतो आणि मग वीस-पंचवीस मॅनेजर एका कॉलवर बसून युनिटचा बेल कर्व्ह जुळवतात, म्हणजे कोणतं रेटिंग किती जणांना हे ठरलेल्या प्रमाणात बसवतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या असतात. तुमचं नाव आलं की तुमच्या मॅनेजरला बोलायला मिळतो अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या तोंडी काय असेल, ते तुम्ही ठरवायचं.

सायकल सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे त्याला तीन वाक्यांचा मेल करा. "टीमला वेळोवेळी मदत केली, नवीन टेक्नॉलॉजी शिकलो" हे त्या कॉलवर कुणी ऐकत नाही. "रात्रीचा बॅच जॉब चार तास घ्यायचा, ऑक्टोबरपासून पन्नास मिनिटांत संपतो, क्लायंटच्या १२ नोव्हेंबरच्या मेलमध्ये त्याची नोंद आहे" हे वाक्य मॅनेजर जसंच्या तसं वाचतो. शुक्रवारची वही इथे उपयोगी पडते. सेल्फ-रेटिंग करताना विनयाने स्वतःला मधलं देऊ नका. आपल्याकडे स्वतःची टिमकी वाजवू नये असं शिकवतात, पण सिस्टीमला ते माहीत नसतं. स्वतःच तीन दिलेत तर चार देण्यासाठी मॅनेजरने कशाला भांडावं?

वर्षाच्या मध्यात मॅनेजर बदलला तर जुन्याकडून जाण्याआधी लेखी फीडबॅक सिस्टीममध्ये टाकून घ्या. तो गेल्यावर दहा वेळा पिंग करूनही मिळत नाही, आणि नवा म्हणतो, "मी तर दोनच महिने पाहिलंय."

बेंच

प्रोजेक्ट संपला की पहिले दोन दिवस बरं वाटतं. पण घड्याळ सुरू झालेलं असतं. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ बिलेबल दिवस आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम केला. इतर कंपन्यांतही मर्यादा असते, फक्त ती कुठल्यातरी पॉलिसी पीडीएफच्या आत असते. ती पहिल्याच दिवशी शोधा.

मग स्किल प्रोफाइल अपडेट करा. रिसोर्स मॅनेजमेंटवाले शब्द टाकून शोधतात. तुम्ही "मायक्रोसर्व्हिसेस" लिहिलंय आणि मागणी "स्प्रिंग बूट" अशी असेल तर तुम्ही दिसतच नाही. आधीच्या दोन मॅनेजरांना आणि ओळखीच्या आर्किटेक्टला थेट फोन करा, कारण बऱ्याच जागा पोर्टलवर येण्याआधी तोंडीच भरतात. नको असलेला प्रोजेक्ट नाकारायचा असेल तर "नाही" एवढंच लिहू नका. "चेन्नईला स्थलांतर शक्य नाही, पुणे किंवा रिमोट असेल तर आजपासून तयार" असं कारण आणि पर्याय दोन्ही मेलवर ठेवा. तोंडी नकारांची नोंद तिकडे एक्सेलमध्ये "नॉट विलिंग" अशी होते आणि तिसऱ्या नोंदीनंतर एचआरचा कॉल येतो.

पीआयपी आणि "स्वतःहून राजीनामा द्या"

परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन आला तर त्यातली उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहून मागा. "ओनरशिप वाढवा" याला पास-नापास नसतं. दर आठवड्याच्या रिव्ह्यूनंतर काय ठरलं याचा मेल तुम्हीच टाका. आणि दुसरी नोकरी शोधायला त्याच दिवशी लागा. पीआयपीतून माणसं बाहेर येतात, पण त्यावर घर चालवायची पैज लावू नये.

अचानक एका खोलीत बोलावून "आत्ता राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेट करू, बॅकग्राउंड चेकमध्ये दिसेल" असं सांगितलं तर त्या खोलीत काहीही टाइप करू नका. "मला हे लेखी द्या, मी उद्या उत्तर देतो," एवढं वाक्य पुरे. राजीनामा गेला की तो "स्वेच्छेने" होतो आणि कपातीच्या भरपाईचा मुद्दा तिथेच मिटतो. कायद्याने तुम्ही कामगार ठरता की नाही हे पदनामावर नसतं, प्रत्यक्ष कामावर असतं. "सीनियर कन्सल्टंट" लिहिलेला माणूस दिवसभर कोडच लिहीत असेल तर दाद मागता येऊ शकते. पुण्यात कामगार आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. नाइट्स आणि फाइट या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनाही आहेत. त्यांच्याकडे जाताना ऑफर लेटर, पगारपत्रकं आणि मेलच्या तारखा घेऊन जा.

लैंगिक छळाची तक्रार वेगळ्या वाटेने जाते: २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे, लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. ऑफिसची कॅब, ऑफसाइट, क्लायंटची जागा, हे सगळं "कामाचं ठिकाण" यातच येतं. एचआरमधल्या ओळखीच्या मुलीला चॅटवर सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असा गैरसमज फार आहे. त्याने मुदत थांबत नाही.

सोडताना

राजीनामा सिस्टीममध्ये टाका आणि त्याच दिवशी मेलही करा. नोटीसचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे. शेवटची तारीख लेखी मिळेपर्यंत नव्या कंपनीला जॉइनिंगचा दिवस पक्का सांगू नका. नोटीसमध्ये घेतलेल्या रजेने तारीख पुढे ढकलली जाते का, ते विचारून घ्या. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले असतील तर थोडं थांबा: ५०,००० बेसिकवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी (५०,००० × १५ ÷ २६ × ५) १,४४,२३० रुपये होते.

लॅपटॉप, चार्जर, हेडसेट परत केल्याची पोच घ्या आणि फोटो काढून ठेवा. आयडी कार्ड देण्याआधी पगारपत्रकं आणि आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ डाउनलोड करा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. कंपनीचा आरोग्य विमाही सहसा त्याच दिवशी संपतो. आई-वडिलांचं मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर तारीख त्याआधीची घ्या.

शेवटी पीएफ. यूएएनच्या (पीएफच्या कायम खाते क्रमांकाच्या) पोर्टलवर जुन्या कंपनीने "डेट ऑफ एक्झिट" टाकली आहे का बघा. टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः आधारच्या ओटीपीने ती टाकू शकता. ती रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळली पाहिजे. एका दिवसाचा जरी ओव्हरलॅप दिसला तरी नव्या कंपनीचा बॅकग्राउंड चेकवाला विचारतो, "एकाच वेळी दोन ठिकाणी कसे काय होतात?"